एका रणगाड्यामागे चार फायली

अण्णांची सगळी नोकरी ट्रेझरीत, पेन्शनच्या टेबलावर झाली. त्यामुळे युद्धपटात इतरांना स्फोट दिसतात, अण्णांना वारस दिसतात.

आमच्या सोसायटीत 15 ऑगस्टला 'बॉर्डर' लावायचा प्रघात आहे. पाकिस्तानचा रणगाडा उडाला की पोरं शिट्ट्या मारतात आणि मागच्या खुर्चीतून आवाज येतो, "चार!" त्या रणगाड्यात चार माणसं बसतात, एवढी माहिती अण्णांनी काढून ठेवली आहे. "चार माणसं म्हणजे चार फॅमिली पेन्शनी. एकाचं तरी तोंड दाखवलं? नाव? हुद्दा? नुसतं ढुम्म!" पुढचा रणगाडा. "आठ!"

शेवटी शत्रूला भाऊ म्हणणारं गाणं लागतं, बायका डोळे पुसतात, आणि अण्णा उखडतात. "इतका वेळ बिननावाचे मारले, आता भाऊ? कागदावर नाव नाही तो भाऊ कसला!"

आपल्या बाजूलाही सवलत नाही. सुनील शेट्टीने रंगवलेला भैरोसिंग सिनेमात शहीद होतो. खरे भैरोसिंग राठोड सिनेमात दाखवलेल्या लोंगेवालाच्या लढाईतून जिवंत परतले, त्यांना सेना पदक मिळालं आणि ते 2022 पर्यंत हयात होते. हे कळल्यावर अण्णांना दोन घास गोड लागेनात. "अहो, चालत्याबोलत्या माणसाला मयत दाखवलं! हयातीचा दाखला घेऊन थिएटरच्या दारात उभं राहायचं का त्यांनी?"

(हेच अण्णा नोकरीत असताना, सही चौकटीबाहेर गेली म्हणून विधवांचे अर्ज त्रुटी काढून परत पाठवत, हे काकू भरल्या हॉलमध्ये सांगतात. अण्णा तेव्हा एकाग्रतेने पडद्याकडे बघतात.)

त्यांना पसंत पडलेले सिनेमे मोजके. 1930 च्या 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट'मध्ये जर्मन पोरगा खड्ड्यात एका फ्रेंच सैनिकाला भोसकतो आणि त्याच्या शेजारीच रात्र काढतो. मग मेलेल्याच्या खिशातून कागद निघतात, बायको-मुलीचा फोटो निघतो. "नाव निघालं! दुवाल!" अण्णा खुर्चीतून उठलेच. तुझ्या बायकोला पत्र लिहीन, असं पोरगा प्रेताला कबूल करतो. अण्णांचा प्रश्न तयार होता, "जावक नंबर काय पडला?"

पण खरे पूर्ण गुण क्लिंट ईस्टवूडला. इवो जिमाच्या एकाच लढाईवर त्याने 2006 मध्ये दोन सिनेमे काढले, एक अमेरिकनांचा, एक जपान्यांचा. "दोन स्वतंत्र रजिस्टरं! याला म्हणतात काम." जपानी बाजूच्या सिनेमात एका अमेरिकन पोराला आलेलं आईचं पत्र जपानी अधिकारी आपल्या शिपायांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवतो. साक्षांकित नसलेला कागद अण्णांनी आयुष्यात प्रथमच ग्राह्य धरला. चष्माही पुसला, पण तो पंख्याच्या धुळीमुळे, असं त्यांचं म्हणणं.

त्याच सिनेमात जपानी सैनिकांची न गेलेली पत्रं 2005 साली गुहेत खणून काढतात. अण्णा ताडकन उभे. "साठ वर्षं टपाल पडून? तिकडचा आवक-जावक कारकून कोण होता, आधी ते सांगा!"