खाडाखोडीतली भुतं

शाळेत खाडाखोडीचे गुण कापत. त्यामुळे रवींद्रनाथ ठाकुरांच्या ‘पूरबी’ या कवितासंग्रहाच्या हस्तलिखिताची पानं पाहताना माझ्यातल्या आज्ञाधारक विद्यार्थ्याला आधी बारीकसा आनंदच होतो: नोबेल मिळालेला माणूसही शब्द खोडतो, आणि काय सपाटून खोडतो! पण ते खोडणं आपल्यासारखं नाही. आपण नको झालेल्या शब्दावर आडवी रेघ मारतो आणि पुढे निघतो. त्यांची रेघ तिथेच घुटमळते. शब्दाभोवती फिरते, त्याला शाईत बुडवते, मग खालच्या ओळीतल्या दुसऱ्या खोडलेल्या शब्दाकडे वाट काढत उतरते. दोन नकोसे शब्द एकत्र आले की कुठे चोच फुटते, कुठे शेपूट निघते, आणि चांगल्या सभ्य कवितेच्या मधोमध एखादं आदिम जनावर ओळी अडवून बसतं. पाहुण्यांनी घर बळकावल्यावर यजमान उभा राहतो, तशी कविता बिचारी अंग चोरून कडेला.

1924 साली पेरूला निघालेले रवींद्रनाथ आजारी पडून अर्जेंटिनात, सान इसिद्रोला थांबले. तिथल्या लेखिका व्हिक्टोरिया ओकाम्पो यांच्या पाहुणचारात कविता होत होत्या आणि वहीत ही प्रजाही वाढत होती. त्या वहीनं ओकाम्पोबाईंना भुरळ घातली. 1930 मध्ये पॅरिसच्या गालरी पिगालमध्ये रवींद्रनाथांची चित्रं भिंतीवर लागली, तीही बाईंच्याच खटपटीनं. चित्रकार म्हणून पदार्पण, आणि वय सत्तरीला टेकलेलं! आमच्याकडे या वयात माणसाला फार तर सोसायटीचा सेक्रेटरी करतात.

वहीतली ती खाडाखोड पाप्यांसारखी सुटकेसाठी टाहो फोडायची, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. म्हणजे सगळा खटाटोप दयेपोटी. पुढच्या चित्रांतले बायकांचे लांबट चेहरे पाहिले की हे पटतं. भोवती रेघांवर रेघा चढवून दाट केलेला शाईचा काळोख, त्यात चेहरा तेवढा उजळलेला; आणि डोळे असे, की काही सांगायला तोंड उघडावं आणि तेवढ्यात कुणी खोडून टाकावं. दिवा मालवल्यावरही ते पाठ सोडत नाहीत. दोन हजारांवर गाणी रचणाऱ्या या माणसानं चित्रंही दोन हजारांवर काढली, पण त्यांना नावं मात्र बहुधा दिली नाहीत. कुणी अर्थ विचारलाच, तर चित्रांसारखाच आपणही गप्प राहतो, म्हणायचे. बरोबरच आहे. शब्दांच्या तावडीतून इतक्या मायेनं सोडवलेल्या जिवाच्या गळ्यात पुन्हा शब्दाचीच पाटी कोण अडकवील?