आधी कोणाला जोडायचे?

व्यापाऱ्यांसाठी बिलिंगचे सॉफ्टवेअर बाजारात आले, की ते कशाकशाला जोडून हवे याची यादी पाठोपाठ येते. यादीत टॅली असते, ई-इन्व्हॉइस, ई-वे बिल, यूपीआय, व्हॉट्सॲप असते, आणि एखाद्या ग्राहकाच्या मेहुण्याने फावल्या वेळात लिहिलेला गोदामाचा प्रोग्रॅमही असतो. कंपनीत प्रोग्रॅमर दोन. त्यांतला एक नोटीस पीरियडवर. म्हणून क्रम ठरवावा लागतो.

क्रम ठरवण्याच्या तीन पद्धती रूढ आहेत. पहिलीत सर्वांत मोठ्याने बोलणाऱ्या ग्राहकाचे काम आधी होते. तो बहुधा सर्वांत स्वस्त प्लॅनवर असतो. दुसरी विक्री विभागाची: ‘एवढे एकच करून द्या, ऑर्डर खिशात आहे.’ ऑर्डर पुढेही खिशातच राहते. तिसरी शास्त्रीय. इंटरकॉम कंपनीने रूढ केलेल्या ‘राइस’ पद्धतीत किती ग्राहकांना उपयोग, किती फरक आणि अंदाजाची खात्री किती, यांच्या गुणाकाराला मेहनतीने भागतात. गणित निर्दोष आहे. आकडे मीटिंगमध्ये बसलेल्यांचे असतात. मालकांच्या मनातली जोडणी तिसरी आली, तर खात्रीचा आकडा पुन्हा तपासला जातो आणि ती पहिली येते.

टिकणारा क्रम याहून साधा आहे. पहिला मान कायद्याचा. १ ऑक्टोबर २०२० रोजी ५०० कोटींवरील उलाढालीला ई-इन्व्हॉइस सक्तीचे झाले, तेव्हा इतरांनी ती मोठ्यांची डोकेदुखी मानली. मर्यादा १००, ५०, २०, १० अशी उतरत १ ऑगस्ट २०२३ रोजी ५ कोटींवर आली आणि डोकेदुखी सार्वजनिक झाली. अशा तारखेच्या तोंडावर ग्राहक स्क्रीनचे रंग पाहत नाही. बिलावर क्यूआर कोड उमटतो का, एवढेच पाहतो.

दुसरा मान टॅलीचा, कारण तेच बिल तिथे पुन्हा टाइप होते. टॅली पुष्कळदा अकाउंटंटच्याच कॉम्प्युटरवर असते. बाहेरची माहिती ती सहसा ९००० क्रमांकाच्या पोर्टवर घेते, पण त्यासाठी ती उघडी असावी लागते. सहा वाजता अकाउंटंट कॉम्प्युटर बंद करून निघतात, त्यांच्यामागोमाग जोडणीही घरी जाते. ‘तुमचे सॉफ्टवेअर चालत नाही’ हा फोन सव्वासहाला येतो.

तिसरा मान एक्सेलमध्ये डाउनलोड करण्याच्या बटणाचा. त्याला कोणी इंटिग्रेशन म्हणत नाही, जाहिरातीत ते शोभतही नाही. पण मेहुण्याच्या प्रोग्रॅमसकट बऱ्याच मागण्या त्यात परस्पर मिटतात. व्हॉट्सॲप त्यानंतर. ते सर्वांना फुकट हवे असते. कंपनीच्या खात्यावरून आपोआप जाणाऱ्या बिलाला मात्र मजकुराची मंजुरी लागते आणि पैसेही पडतात.

सर्वच जोडून टाकावे, असा एक उदार विचार असतो. दहा सॉफ्टवेअर एकमेकांना जोडायची म्हटली, तर ४५ जोड्या होतात. प्रत्येक जोडणी म्हणजे सोयरीक: लग्नाचा खर्च एकदाच, मानपान जन्मभर. पलीकडचे लोक एपीआय बदलतात, कळवत नाहीत, आणि रुसवा अलीकडच्यांनी काढायचा असतो.

तेव्हा ग्राहकाला ‘काय जोडून हवे?’ असे विचारू नये. तो सगळेच सांगतो. ‘कोणती गोष्ट दोनदा टाइप करावी लागते?’ असे विचारावे, आणि उत्तर मिळेल ती जोडणी आधी करावी.