निघताय का?

आमच्या घरात कामाची वाटणी पक्की आहे. खरेदी बायको करते, पैसे मोबाइल देतो आणि मी गाडीत बसतो. लक्ष्मी रोडच्या आसपास ज्यानं कधी गाडी लावली असेल त्याला हे काम किती जोखमीचं आहे ते सांगायला नको. पी-१ का पी-२, आज तारीख सम का विषम, सगळं जुळवून गाडी लावली तरी टोइंगचा टेम्पो कुठून उगवेल याचा नेम नसतो. त्यावर पुणेकरांनी काढलेला तोडगा एकच : गाडीत एक जिवंत माणूस ठेवून द्यायचा. आमच्या घरी तो माणूस मी.

मध्यंतरी पुतणीच्या लग्नाचा बस्ता होता. ‘अर्ध्या तासात आलोच’ असं म्हणत चार बायका दुकानाच्या पायऱ्या चढल्या, म्हणजे मी दोन तास धरून चाललो. तक्रार काही नव्हती. मॅच होती, शेवटची सात षटकं उरली होती, आणि गाडीत दहा इंची पडदा नि सहा स्पीकर आहेत. मी इंजिन बंद केलं, सीट मागं रेलवली, रेडिओ लावला. वीस मिनिटांनी, म्हणजे जेमतेम पाच षटकांनी, पडद्यावर एक सभ्य सूचना आली आणि गाडीनं बॅटरी वाचवण्यासाठी रेडिओ बंद केला. कॉमेंटेटर ‘उंच उडालाय, खाली फिल्डर आहे आणि...’ इथपर्यंत पोचला होता.

किल्लीची गाडी होती तेव्हा हे असं नव्हतं. किल्ली फिरवायच्या त्या खोबणीला चार स्टेशनं असत : लॉक, एसीसी, ऑन, स्टार्ट. त्यातलं एसीसी हे आमचं हक्काचं स्टेशन. (सिमेंटवालं नव्हे. आमच्या आत्या त्याला शेवटपर्यंत ‘थोडा एसी’ समजत होत्या.) एक टिचकी फिरवली की रेडिओ चालू, सिगारेट पेटवायचं ते भोक चालू, बाकी गाडी झोपलेली. ही सोय उगाच केलेली नव्हती. जुन्या इंजिनांत प्लॅटिनम पॉइंट असायचे. इंजिन बंद ठेवून किल्ली नुसती ‘ऑन’वर सोडली, तर पॉइंट आणि कॉइल तापून जळायची भीती. म्हणून ज्याला नुसतं बसून गाणी ऐकायची आहेत त्याच्यासाठी मधलं स्टेशन. किल्लीवर हात ठेवला की डोळे मिटूनही कळायचं, गाडी कुठे आहे ते.

आता किल्लीच्या जागी बटण आलंय. त्या बटणाला वाटतं आपण नवीन आहोत. तसं काही नाही. हँडल मारून गाडी चालू करण्याच्या कटकटीतून १९१२ साली कॅडिलॅकनं विजेचा स्टार्टर देऊन सुटका केली, आणि पुढे बरीच वर्षं किल्ली वेगळी नि स्टार्टरचं बटण वेगळं, किंवा पायाखालची खुंटी, असाच संसार होता. किल्ली फिरवली की इंजिन सुरू, हे क्रायस्लरनं आणलं १९४९ मध्ये. म्हणजे आजोबांचं बटण नातवाच्या गाडीत आलं, फक्त त्याभोवती निळा दिवा लागला.

या निळ्या दिव्याचं गणित असं. ब्रेकवर पाय न ठेवता एकदा दाबलं तर एसीसी, दोनदा दाबलं तर ऑन, तीनदा दाबलं तर बंद. ब्रेकवर पाय ठेवून दाबलं तर इंजिन सुरू. (काही नव्या गाड्यांनी एसीसी हे स्टेशनच काढून टाकलंय. गाडी थेट ‘ऑन’ला थांबते, मुंबई-पुण्याच्या जलद गाडीसारखी.) वाचायला सोपं आहे. पण ऑटोमॅटिक गाडीवाल्याचा उजवा पाय बटणाकडे हात गेला की आपोआप ब्रेकवर जातो, जशी देवळासमोरून जाताना मान आपोआप वाकते. तो झेल सुटला की धरला हे कळायच्या घाईत मी बटण दाबलं आणि इंजिन सुरू झालं.

आता, लक्ष्मी रोडच्या गल्लीत उभ्या गाडीचं इंजिन सुरू होणं आणि मागचे लाल दिवे लागणं ही खासगी बाब नाही. कुठल्या कोपऱ्यात दबा धरून बसलेली असते देव जाणे, पण क्षणात एक पांढरी गाडी मागे येऊन उभी राहिली, इंडिकेटर लावला आणि तिच्यामागे रिक्षा, दोन स्कूटर, एक हातगाडी अशी मिरवणूक तयार झाली. हॉर्न.

“निघताय का?”

“नाही.”

“मग गाडी कशाला चालू केलीत?”

“रेडिओ लावतोय.”

यावर त्यानं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती मी आजवर फक्त आयकर सल्लागाराच्या तोंडावर पाहिली होती. मी घाईघाईनं इंजिन बंद केलं. रेडिओही गेला. पाय काळजीपूर्वक ब्रेकवरून उचलून मांडी घातल्यासारखा बाजूला ठेवला, पुन्हा बटण दाबलं. रेडिओ आला, पण पडद्यावर आधी कंपनीचं बोधचिन्ह फिरलं, मग वाहन सावकाश चालवा असा उपदेश आला (उभ्या गाडीला!), मग आवाज आला तो बिस्किटांच्या जाहिरातीचा.

एवढ्यात पावसाचे थेंब आले. काचा खाली होत्या. एसीसीवर आमच्या गाडीच्या काचा हलत नाहीत, त्यांना ‘ऑन’ लागतं. म्हणून आणखी एकदा दाबलं. डॅशबोर्डवर एकदम दिवाळी : इंजिन, तेल, बॅटरी, एअरबॅग, सीटबेल्ट, सगळे दिवे. पंखा सुरू झाला, गाडी मला पट्टा बांधायला सांगू लागली. काचा वर गेल्या. मागच्यानं परत हॉर्न दिला. मी निदान त्याला समजावून सांगावं म्हणून गाडी बंद करून दार उघडलं, रेडिओ पुन्हा बंद.

बॅटरीची काळजी खोटी नाही, हे मलाही मान्य आहे. लहान गाडीत बारा व्होल्टची, पस्तीस-चाळीस अँपिअर-तासांची बॅटरी असते. स्टार्टर फिरताना क्षणभर शंभराच्या वर अँपिअर खेचतो, तेवढा दम तिच्यात शिल्लक राहायला हवा. पूर्वीचा रेडिओ चिमूटभर वीज खायचा, आजचा दहा इंची पडदा पंगतीला बसतो. सगळं खरं. पण मग माझा पुढचा अनुभव ऐका.

आमच्या सोसायटीत गाड्या एकामागे एक लागतात. मागच्यानं सकाळी लवकर निघायचं तर पुढच्यानं गाडी न्यूट्रलला सोडायची, म्हणजे वॉचमन ढकलून बाजूला करतो. त्या रात्री मी पुढचा होतो. गियर ‘एन’वर टाकला, हँडब्रेक काढला, बटण दाबलं, इंजिन बंद झालं. गाडी कुईकुई करत राहिली आणि दार लॉक होईना. अंगाला पाऊस, हातात साड्यांच्या पिशव्या. आपल्याच आवारात आहे म्हणून तशीच सोडून वर गेलो.

सकाळी बटण दाबलं तर आतून टकटकटक, जुन्या टाइपरायटरसारखं. मेकॅनिक आला. मी म्हटलं, धक्का मारून बघू. तो म्हणाला, “काका, ऑटोमॅटिक आहे. धक्क्यानं पुढे जाईल, चालू नाही होणार.” मग त्यानं शेजाऱ्यांच्या गाडीला जंपर केबल लावत उलगडा केला. गियर ‘पी’वर नसेल तर या गाड्या बटणानं पूर्ण बंद होतच नाहीत, एसीसीवर जाऊन थांबतात. “आणि ती वीस मिनिटं?” मी विचारलं. “ती ‘पी’वर असेल तरच.”

म्हणजे मी आत बसून मॅच ऐकत असेन तर वीस मिनिटं. आणि मी वर चौथ्या मजल्यावर झोपलेला असेन, तर रात्रभर, हवं तेवढं एसीसी. आमच्या कानावर एक शब्द न पडू देता.

मी विचारलं, यावर इलाज काय? तो म्हणाला, इंजिन चालू ठेवून बसायचं. तासाला अर्धा-पाऊण लिटर पेट्रोल जाळून बिस्किटांच्या जाहिराती ऐकायच्या. शिवाय मागे ती पांढरी गाडी असणारच.

बस्त्याची दुसरी फेरी गेल्या रविवारी झाली. (ब्लाउजपीस जुळले नव्हते.) जाताना मी तुळशीबागेच्या तोंडाशी उतरून एक छोटा ट्रान्झिस्टर घेतला. दोन पेन्सिल सेल, वर एक एरियल, बाजूला एक फिरवायचं चाक. चाक फिरवलं की टक् असा आवाज येतो आणि चालू होतो, उलटं फिरवलं की बंद. दहा इंची पडद्याला टेकवून तो डॅशबोर्डवर ठेवला, एरियल काचेबाहेर काढली. काचही आधीच बोटभर खाली करून ठेवली होती, ‘पी’वर टाकूनच गाडी बंद केली होती.

पाऊण तास निवांत गेला. मग आरशात एक पांढरी गाडी दिसली. तो उतरून काचेपाशी आला, ट्रान्झिस्टरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

“निघताय का?”

मी चाक फिरवून आवाज वाढवला.