खडखडीचा मालक

जुन्या गाडीच्या मालकाला गाडीबद्दल काहीही विचारा, तो इंजिनाबद्दल बोलतो. ‘इंजिन अजून एकदम टकाटक आहे,’ हे वाक्य ऐकल्याशिवाय त्याच्यासमोरून सुटका नाही. मारुती ८०० च्या बाबतीत ते बहुतेक वेळा खरंही असतं. ७९६ सीसीचं ते तीन सिलिंडरचं इंजिन वेळच्या वेळी ऑइल मिळालं की मरायचं नाव घेत नाही. शेवटची ८०० कारखान्यातून बाहेर पडली ती जानेवारी २०१४ मध्ये, पण तिच्या कितीतरी आधीच्या बहिणी अजून मंडईत भाजी आणायला जातात. आता साधारण साडेसहाशे किलोची गाडी, बारा इंची चाकं आणि आपले खड्डे यांचा हिशेब मांडला, तर झीज कुठे होत असणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. दसऱ्याला हार बॉनेटला पडतो, हळदकुंकू बॉनेटला लागतं. लोअर आर्मच्या बुशकडे कुणी ढुंकून पाहत नाही. वर्षभर खड्डे खाल्ले त्यानं आणि झेंडूचं फूल रेडिएटरला! माझं म्हणणं एवढंच आहे, की अशा गाडीच्या पुढच्या सस्पेन्शनचे आणि स्टीअरिंगचे झिजलेले भाग मालकानं घरीच, स्वतःच्या हातानं बदलावेत. पैसे वाचतात म्हणून नव्हे. ते वाचत नाहीत. त्याकडे पुढे येतोच. कारण दुसरंच आहे: खडखड कुठून येते, हे मालकाशिवाय कुणालाही नीट कळू शकत नाही.

खडखड ही फार लाजाळू असते. ती ठरावीक रस्त्यावर, ठरावीक वेगात, अर्धा ब्रेक दाबलेला असताना आणि मागे सासूबाई बसलेल्या असताना येते. मेकॅनिक चाचणीला गाडी नेतो ती गॅरेजसमोरच्या गुळगुळीत पट्ट्यावर, एकटा, आणि त्याच्या स्वतःच्या वेगानं. परत येऊन तो सांगतो, ‘काही नाही साहेब, गाडी बटर आहे.’ मग लिफ्टवर चढवतो. तिथे चाकं लोंबकळतात, स्प्रिंग लांबते आणि ज्या सांध्यांवर एरवी सगळा भार असतो ते त्या वेगळ्याच अवस्थेत गप्प राहतात. शाळेत दिपोटी आल्यावर वर्ग चिडीचूप व्हावा, तसं सगळं सस्पेन्शन शहाण्यासारखं उभं असतं. यात मेकॅनिकची लबाडी असतेच असं नाही. त्याच्याकडे अर्धा तास आहे आणि मागे सहा गाड्या उभ्या आहेत. म्हणून तो अंदाज करतो, आणि अंदाज नेहमी डोळ्यांना दिसणाऱ्या मोठ्या वस्तूपासून सुरू होतो. आधी दोन्ही शॉकअप बदलले जातात. खडखड राहते. मग ‘स्टीअरिंगचा रॅक गेलाय’ असं निदान होतं. नवा रॅक बसतो, खडखड त्याचंही स्वागत करते. मालकाचं तसं नाही. त्या आवाजाबरोबर त्याचा वर्षानुवर्षांचा संसार झालेला असतो. पूर्ण वळणावर पिकअप देताना कटकट आली तर ड्राइव्ह शाफ्टचा बाहेरचा जॉइंट संशयित. वेगाबरोबर वाढत जाणारी घरघर असेल तर व्हील बेअरिंग. स्पीडब्रेकरवर सावकाश चढताना कुरकुर आली तर कुठल्यातरी बुशचं रबर कोरडं पडलं. बारक्या खड्ड्यांवर ठकठक येते पण मोठ्या खड्ड्यात येत नाही, तेव्हा स्टॅबिलायझर बारच्या बुशांकडे आणि बॉल जॉइंटकडे पाहावं. एवढं ऐकून ठेवलं, की पुढचं काम हाताचं. गाडी उचलायची, चाक घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवायचं, मग बारा आणि सहाच्या जागी धरून. फक्त आडवं हललं तर बहुधा टाय रॉड एंड किंवा रॅक, दोन्हीकडे सारखंच हललं तर बेअरिंग. सोबत एकानं संशयित सांध्यावर बोट ठेवून बसावं. जिथे बोटाला ‘टक’ लागते, तिथे झीज. याहून महागडं यंत्र या कामाला लागत नाही.

‘पण हे इंजिनीअरिंगचं काम आहे,’ असा पहिला आक्षेप येतो. आहेच. फक्त ते इंजिनीअरिंग दुसऱ्याच कुणीतरी आधी करून ठेवलंय. अर्ल मॅकफर्सन नावाच्या अमेरिकन इंजिनीअरनं १९४० च्या दशकात शेवरोलेच्या एका छोट्या, स्वस्त गाडीसाठी स्प्रिंग, शॉकअप आणि चाक वळण्याचा आस हे सगळं एकाच उभ्या पायात बसवलं. ती गाडी बाजारात आलीच नाही, मॅकफर्सन फोर्डकडे गेला आणि त्याचा तो पाय आज जवळपास प्रत्येक छोट्या गाडीखाली उभा आहे. त्याआधीच्या चालीच्या आपल्या प्रीमियर पद्मिनीला पुढे वर-खाली दोन आर्म होते आणि ग्रीस भरायची ठिकाणं इतकी, की ग्रीसिंग हा घरखर्चातला एक कायमचा आकडा होता. ८०० च्या प्रत्येक पुढच्या चाकाला खाली एक लोअर आर्म, त्याला धरणारा स्टॅबिलायझर बार, वर स्ट्रट आणि बाजूला टाय रॉड. संपलं. सगळं उघड्यावर, सगळं डोळ्यांसमोर, एकही वायर नाही, सेन्सर नाही, लॅपटॉप घेऊन येणारा माणूस नाही.

खरी परीक्षा असते ती टाय रॉड एंड सोडवताना. त्याचा दांडा टेपर असतो, म्हणजे वर निमुळता होत गेलेला, आणि तो नकलच्या, म्हणजे चाक धरणाऱ्या लोखंडी तुकड्याच्या भोकात इतकी वर्षं ठासून बसलेला असतो की नट काढला तरी जागचा हलत नाही. इथे नवशिका पहिली गोष्ट करतो ती म्हणजे दांड्याच्या डोक्यावर हातोडा. त्यानं आटे जातात, एंड मात्र तिथेच. खरी युक्ती उलटी आहे. नट दोन-तीन आट्यांवर तसाच ठेवायचा, नकलच्या त्या कानाला मागून एक जड हातोडा टेकवायचा आणि पुढून बाजूवर दुसऱ्या हातोड्याचे दणके द्यायचे. दांड्याला हातही लावायचा नाही. त्या धक्क्यानं भोक क्षणभर हललं, की टेपरची पकड सुटते आणि एंड ‘टण्ण’ करून खाली पडतो. पुलर असेल तर तोच वापरावा, कारण दणक्यांच्या आवाजानं सोसायटीच्या सेक्रेटरीची दुपारची झोप मोडते आणि मग पुढची मीटिंग पार्किंगच्या नियमांवर होते. जुना एंड किती फेऱ्यांत निघाला ते मोजून नवा तेवढ्याच फेऱ्यांत बसवायचा. शेवटी खाचांचा नट आवळून स्प्लिट पिन घालायची. पिनचं भोक आणि नटाची खाच जुळत नसेल, तर नट आणखी थोडा आवळायचा, सैल कधीच करायचा नाही. बुशांचा न्याय वेगळा. लोअर आर्मचा बुश गाडी अधांतरी असताना पूर्ण आवळला, तर गाडी खाली टेकल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. शेवटची आवळणी चाकं जमिनीवर असतानाच करावी. घाईच्या गॅरेजात नेमकी हीच पायरी गळते.

दुसरा आक्षेप जिवाचा, आणि तो गंभीर आहे. स्टीअरिंगचा भाग सुटला तर गाडी आपल्या मनानं जाते. पण हाच तर्क पुढे नेला, तर झिजून खुळखुळ्या झालेल्या बॉल जॉइंटवर आणखी एक पावसाळा काढणं त्याहून धोक्याचं ठरतं, आणि ते आपण सगळे बिनदिक्कत करतो. तरी दोन गोष्टींवर माझी तडजोड नाही. गाडी फक्त जॅकवर असताना तिच्याखाली डोकं घालायचं नाही. खाली स्टँड लागतात, आणि विटा म्हणजे स्टँड नव्हेत. दुसरी म्हणजे स्ट्रटची स्प्रिंग. दाबून बसवलेल्या त्या स्प्रिंगला सुटण्याची फार घाई असते, आणि वाटेत कुणाचा जबडा आहे हे ती पाहत नाही. स्ट्रट अख्खा काढून गॅरेजात न्यावा आणि तिथे बदलून आणावा. यात कमीपणा नाही. बाकी सगळं घरी करणाऱ्यालाच हे सांगण्याचा अधिकार पोचतो.

पैशांचं आता उरकून टाकतो. गोटी पान्यांचा सेट, टॉर्क पाना, पुलर, जॅक, स्टँड एवढं घेतलं की गॅरेजवाल्याच्या अनेक वर्षांच्या मजुरीएवढे पैसे जातात. त्यात १५ वर्षं उलटल्यावर गाडीची नोंदणी नव्यानं करायची, हरित कर भरायचा. एप्रिल २०२२ मध्ये नोंदणी नूतनीकरणाची फी ६०० वरून ५,००० रुपयांवर गेली. हिशेबी माणूस म्हणेल, गाडीच विका. विका की! ज्याला कुठला बुश गेलाय हे माहीत नाही, तो आपली माहितीतली खडखड विकून दुसऱ्याची अनोळखी खडखड विकत घेतो.

राहिला अलाइनमेंटचा मुद्दा. टाय रॉड एंड बदलला की चाकांचा टो, म्हणजे दोन्ही पुढची चाकं एकमेकांना किती समांतर आहेत तो हिशेब, बिघडतो, आणि त्यासाठी शेवटी मशीनकडे जावंच लागतं. मग घरी खटाटोप कशाला, असं विचारतात. फेऱ्या मोजलेल्या असल्या आणि वर दोरी ताणून, टेप लावून पुढची-मागची मापं जमवली, तर गाडी अलाइनमेंटवाल्यापर्यंत सरळ जाते. एवढंच अपेक्षित असतं. तिथला पोरगा स्क्रीनवरचे आकडे पाहतो, वाकून खाली पाहतो आणि विचारतो, ‘काम कुणाकडे केलंत?’ हा प्रश्न कौतुकाचा आहे की कीव करणारा, हे त्याच्या चेहऱ्यावरून कधीच कळत नाही. अशा वेळी कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याचं नाव सांगायचा मोह होतो. तो आवरावा. स्प्रिंग बदलायला पुढच्या रविवारी त्याच्याकडेच जायचं असतं.