सर, आमचा हप्ता परत करा

क्लासचे संचालक यांस,


तुमचं नाव इथे लिहीत नाही. डोंबिवली स्टेशनाबाहेर मान वर केली की रँकवाल्या मुलांचे फोटो दिसतात. त्यातला एक फलक तुमचा, एवढी ओळख पुरे.

मुलगी नववीत असताना तुम्ही आम्हा पालकांना हॉलमध्ये बोलावलंत. गणितात किती, विज्ञानात किती, एवढंच विचारलंत. तिला भूगोल आवडतो, हे मी आपणहून सांगितलं. तुम्ही म्हणालात, "आवड सुट्टीत जोपासा. आर्ट्सला स्कोप नाही." मी घाबरले आणि पहिला हप्ता भरून आले.

हा स्कोप तुम्ही मोजलात कुठे? २७ जुलै २०१९ ला उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणी दरम्यान अडकली. हजारावर प्रवाशांना सोडवावं लागलं. दहा वर्षांची माझी पोर बातम्या बघत विचारत होती, नदी इतकी पसरते तर रूळ तिथून का नेले? पूररेषा आखणं, उपग्रहचित्रांवरून नकाशे करणं ही पगाराची कामं आहेत, सर. नदीकाठी इमारती उठताहेत, तिथे तर ती हवीतच. मुंबई विद्यापीठाचा भूगोल विभाग कलिन्याला आहे, डोंबिवलीहून लोकलने जाण्याइतका जवळ. पोटापाण्याचा विचार आम्हीही केला. तिला काय जमतं ते आधी बघून केला.

आणि तुमचं ते 'इंटिग्रेटेड'! नाव एका कॉलेजात, मूल तुमच्या वर्गात, प्रयोगशाळेचं तोंड प्रॅक्टिकलच्या परीक्षेपुरतं. कॉलेज आणि क्लासच्या अशा टायअपना आळा घालायला सरकारने २०१८ मध्ये विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरी लावायला सांगितली होती. ज्या मुलाला भौतिकशास्त्राचं खरंच वेड आहे, त्याच्या हातून तुम्ही प्रयोगच काढून घेता. माझ्या मुलीपेक्षा त्याचं नुकसान मोठं आहे.

कोचिंग क्लासेससाठीच्या केंद्राच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचना तुम्हाला ठाऊक असणारच. सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश देऊ नका, रँकची हमी देऊ नका, मुलाने क्लास मध्येच सोडला तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करा. नववीतल्या मुलांच्या पालकांना हॉलमध्ये बोलावताना यातलं एकही वाक्य तुम्ही वाचून दाखवलं नाहीत.

मुलीने अकरावीला कला शाखा घेतली आहे. फी परत मिळावी म्हणून अर्ज देऊन दोन महिने झाले. सर, पैसे परत करा.

एका विद्यार्थिनीची आई, डोंबिवली