तिसऱ्या रांगेतले अण्णा

प्रत्येक गावात एक माणूस असा असतो, ज्याला कार्यक्रमाचं निमंत्रण कुणी आठवणीनं देत नाही, पण तो दिसला नाही तर संयोजक घड्याळाकडे बघायला लागतात. आमच्या सांगलीत त्याला अण्णा म्हणतात. तुमच्याकडे नाना, बापू, भाऊ असं काही असेल. साताऱ्यात अशा माणसाला सगळे ‘सर’ म्हणतात, मग तो आयुष्यात फळ्यापुढं उभा राहिलेला नसला तरी चालतं.

आमचे अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. गात नाहीत, वाजवत नाहीत, नाटकात भाला धरून उभेसुद्धा राहिलेले नाहीत. ते फक्त जातात. गाण्याला जातात, नाटकाला जातात, व्याख्यानमालेला, चित्रप्रदर्शनाला, पुस्तक प्रकाशनाला आणि पंचाहत्तरीच्या सत्काराला जातात. सत्कारमूर्ती कोण, हे कधीकधी तिथं गेल्यावर कळतं. त्यानं काही अडत नाही. “माणूस बराच असणार, नाहीतर पंचाहत्तर वर्षं कोण ठेवून घेतंय?” असं त्यांचं म्हणणं.

पेपर ते मागून वाचतात. मुंबईत सरकार पडलेलं असलं तरी आधी ‘आजचे कार्यक्रम’. निळ्या पेनाची खूण म्हणजे जायचं, लाल म्हणजे जायचंच. प्रश्नचिन्ह म्हणजे वक्ता ओळखीचा आहे आणि लांबण लावतो. अशा ठिकाणीही ते जातात, पण जेवून. आलेल्या निमंत्रणपत्रिका टेबलावरच्या काचेखाली आणि कार्यक्रम झाला की काकूंच्या ताब्यात. काकू पाठकोऱ्या बाजूवर वाणसामानाची यादी करतात. त्यामुळं आमच्या वाण्याला गावातला एकूण एक पुण्यतिथी समारोह पाठ आहे. तूरडाळ मोजता मोजता तो विचारतो, “काल गाणं कसं काय झालं ओ काकू?”

अण्णांच्या खांद्याला एक कापडी पिशवी असते. तीत शाल, कानटोपी, बॅटरी, खडीसाखर, बुडाखाली घ्यायला छोटी उशी, काडेपेटी आणि भडंगाची पुडी. सांगलीचा माणूस भडंगाशिवाय रात्रीच्या मैफलीला जात नाही, पण ते कुरकुरतं ही त्यातली अडचण. अण्णांनी यावर नियम बसवलाय. विलंबितात पुडी उघडायची नाही. द्रुत सुरू झालं, तबलजी पेटला, की तोंडात टाकायचं. कुणाला ऐकू जात नाही. झाल्यात तर चकलीसुद्धा खपून जाते.

जागेचंही शास्त्र आहे. “पहिल्या रांगेत मान्यवर, दुसरीत मान्यवरांचे नातेवाईक. ऐकणारी माणसं तिसरीपासून.” म्हणून ते तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर. कडेची का, तर मान्यवर उशिरा येतात, दीपप्रज्वलन लांबतं आणि शेवटी समई पेटत नाही. पाहुणे वाकलेत, फोटोग्राफर ‘इकडं बघा’ म्हणतोय, वात मात्र तीनदा विझलेली. अशा वेळी तिसऱ्या रांगेतून आवाज येतो, “पंखा बंद करा की ओ!” आणि पाठोपाठ अण्णा स्वतः काडेपेटी घेऊन उठतात. कुठल्या हॉलमध्ये कुठलं बटण कुठल्या पंख्याचं, हे त्यांना तोंडपाठ आहे. इतक्या वर्षांत रंगमंचावर त्यांचा प्रवेश तेवढाच. उद्घाटनाच्या फोटोत पाहुण्यांच्या कोपराखालून काडी धरलेला एक हात दिसतो ना, तो अण्णांचा.

काकूंचं म्हणणं वेगळं. “घरातला मोरीचा दिवा दिवाळीपासून गेलाय, तो नाही दिसत यांना. नाट्यगृहात कितव्या रांगेवरचा गेलाय ते विचारा, लगेच सांगतील.”

अण्णा वर्षभर असतातच, पण ते खरे बघावेत ते अधिक महिन्याच्या वर्षी. हे गणित त्यांनीच मला समजावून सांगितलंय. अधिक महिना पडला की सणवार पुढं सरकतात, कोजागिरी ऑक्टोबरच्या अखेरीला जाते. औंधचा संगीत महोत्सव आश्विन वद्य पंचमीचा, म्हणजे कोजागिरीनंतरचा. आणि सांगलीचा रंगभूमी दिन इंग्रजी तारखेचा, ५ नोव्हेंबर, जागचा हलत नाही. मग औंध आणि सांगली एका आठवड्याच्या अंतरात येतात आणि मधले दिवस साताऱ्याला लेकीकडे. बाकीची माणसं अधिकात जावयाला वाण देतात. अण्णा अधिकात जावयाकडे मुक्काम ठरवतात. २०२६ सालात अधिक ज्येष्ठ आहे, हे त्यांनी कॅलेंडर हातात पडल्या पडल्या पाहून ठेवलं होतं.

त्यातून एसटीनं २०२२ साली पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास फुकट केला. अण्णांनी पंचाहत्तरी गाठली, आधार कार्डाला प्लॅस्टिकचं कव्हर घातलं आणि कलाक्षेत्राची हद्द एकदम दोन जिल्ह्यांएवढी वाढवली.

औंधला जाताना ते वाटेत शेजारच्या प्रवाशाला, तो शेळी घेऊन बसला असला तरी, औंध काय चीज आहे ते सांगतात. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य अंतुबुवा जोशी, त्यांनी आपले गुरू शिवानंद स्वामी यांच्या स्मरणार्थ १९४० साली हा उत्सव सुरू केला. पुढं मुलानं, गजाननबुवांनी चालवला. गजाननबुवा गायचेही आणि व्हायोलिनही वाजवायचे. आणि संस्थानिक कोण, तर बाळासाहेब पंतप्रतिनिधी. स्वतः चित्रं काढायचे, स्वतः कीर्तनाला उभे राहायचे आणि सगळ्या प्रजेला सूर्यनमस्कार घालायला लावायचे. टेकडीवरचं संग्रहालय त्यांचंच. “राजा असा पाहिजे,” अण्णा म्हणतात. “नुसता समई पेटवून पुढच्या कार्यक्रमाला पळणारा नको.”

औंधला रात्री थंडी पडते. कानटोपी चढते, शाल गळ्यापर्यंत येते, डोळे मिटतात. अण्णा झोपतात असं म्हणणारे लोक आहेत. अण्णा म्हणतात, “डोळ्यांचं काय काम आहे गाण्यात?” उजवा हात मांडीवर ताल धरून असतो हे खरं. एकदा मी शेजारी होतो. गायिका तीनतालातल्या बंदिशीवर येऊन बराच वेळ झाला होता आणि अण्णांचा हात मागचाच झपताल सोडता सोडत नव्हता. टाळ्या झाल्या तसे ते दचकून म्हणाले, “वा! समेवर काय आली!” समेचं सोडा, पुढचा अर्धा तास मात्र ते एवढे टक्क जागे होते की भैरवीला त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. विचारलं तर म्हणाले, “धूर झालाय जरा.” धूर कुठंच नव्हता.

मग सातारा. शाहू कला मंदिरात जे काही असेल ते. काही नसेल तर नगरवाचनालयात चक्कर, तिथंही फळ्यावर काहीतरी लिहिलेलं असतंच. पण साताऱ्यातला खरा कार्यक्रम घरीच रंगतो, कारण लेकीचे सासरे हे साताऱ्याचे अण्णा आहेत. म्हणजे ‘सर’. दोघं समोरासमोर बसले, मध्ये कंदी पेढ्यांचा पुडा आला, की सून चहाचं आधण वाढवते.

“आमच्याकडे साहित्य संमेलन चारदा झालं अण्णासाहेब. १९०५, बासष्ट, त्र्याण्णव आणि आता २०२६. मोजा.”

“मोजलं. आमच्याकडे २००८ ला झालं, तर अध्यक्षसुद्धा घरचेच होते. हातकणंगलेकर सर. बाहेरून आणावा लागला नाही.”

“राजधानी आहे ही. शाहू महाराजांची.”

“असेल की. पण नाटक कुठं जन्मलं व्याहीबुवा?”

यावर सर थोडा वेळ पेढा खातात. मग भूगोलात शिरतात. “कृष्णा आमच्याकडून येते तुमच्याकडं. पाणी आमचं पिता तुम्ही.”

“पितो ना. २०१९ ला जरा जास्तच पाठवलंत.”

दोघंही हसतात आणि संध्याकाळी एकाच स्कूटरवरून गाण्याला जातात. स्कूटर सर चालवतात, हात अण्णा दाखवतात.

४ तारखेला काही झालं तरी अण्णा सांगलीला परत. लेक म्हणते, राहा की दोन दिवस. अण्णा तिच्याकडे असं बघतात, जणू ती पंढरपूरकराला एकादशीला बाहेरगावी थांब म्हणाली. ५ नोव्हेंबर हा सांगलीत सण असतो. नाट्यपंढरी म्हणतात ती उगाच नाही. सकाळपासूनच अण्णा विष्णुदास भावे नाट्यमंदिराच्या आवारात, इस्त्रीच्या झब्ब्यात. आत नटराजाची पूजा होते, संध्याकाळी भावे गौरवपदक दिलं जातं. बालगंधर्वांपासून सुरू झालेलं हे पदक २०२३ साली प्रशांत दामलेंना मिळालं, त्या वेळी “मी याला अगदी पोरगा असताना पाहिलाय” असं सांगणारे निदान शंभर अण्णा आवारात असावेत.

या दिवशी एखादा बाहेरगावचा माणूस त्यांच्या तावडीत सापडला की १८४३ पासून सुरुवात. पासून कसली, १८४२ पासून. “त्या साली कानडी मुलखातली भागवत मंडळी सांगलीत आली. त्यांचा खेळ बघून राजेसाहेब, चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन, विष्णुपंत भाव्यांना म्हणाले, असं मराठीत करून दाखव. पोरगं हुशार, लाकडाच्या बाहुल्या करायचं, पदं रचायचं. वर्षभरात ‘सीतास्वयंवर’ उभं केलं.” मग देवल आले, जवळच्या हरिपूरचे. मग खाडिलकर, इथलेच. मग १९४३ चं शताब्दी नाट्यसंमेलन, अध्यक्ष सावरकर. पाहुण्याची गाडी सुटायची वेळ झाली तर अण्णा त्याला मिरजेपर्यंत सोडायला जातात, कारण वाटेत मिरजेचा विषय घेता येतो. अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर, ख्वाजा मीरासाहेबांचा दर्गा आणि सतारमेकर गल्ली. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा अण्णांना फारसा आनंद झाला नाही. “मी कधीपासून सांगतोय. कागद आत्ता आला त्यांचा.”

त्यांच्या अभिप्रायाची एक ठरलेली पट्टी आहे. ‘बरा झाला’ म्हणजे उत्तम. ‘छान झाला’ म्हणजे साधारण. ‘प्रयत्न चांगला होता’ म्हटलं की समजावं, अण्णा मध्यंतरात घरी येऊन जेवून परत गेले होते. परत मात्र जातातच, कारण आभारप्रदर्शन त्यांनी आजवर चुकवलेलं नाही. लोक खुर्च्या सरकवत उठत असतात, चपला शोधत असतात आणि अण्णा एकटे कान देऊन बसलेले. सूत्रसंचालक “ज्ञात-अज्ञात” पर्यंत आला की खालून आवाज, “माईकवाल्याचं राहिलं!” मग माईकवाल्याचं नाव घेतलं जातं. शहरातले सगळे माईकवाले, मांडववाले आणि पडदा ओढणारे अण्णांना लांबून नमस्कार करतात. मान्यवर करत नाहीत, पण त्याचं अण्णांना काही नसतं.

राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी सांगली केंद्रावर लागली की मात्र अण्णांचं वागणं बदलतं. हौशी संघ, मधल्या वारचा प्रयोग, समोर परीक्षक आणि कलाकारांचे घरचे. बाकी खुर्च्या मोकळ्या. अशा वेळी पहिला अंक झाला की अण्णा तिसऱ्या रांगेतून उठतात. मला वाटायचं, चालले जेवायला. एकदा मागोमाग गेलो तर हे सगळ्यात शेवटच्या रांगेत, भिंतीला टेकून बसलेले. उरलेलं नाटक त्यांनी तिथनं पाहिलं. प्रयोग संपल्यावर रंगपटात गेले. पहिल्यांदाच उभी राहिलेली एक मुलगी तोंडाचा रंग पुसत होती. तिला म्हणाले, “बाळ, शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू आलं. फक्त वाक्याच्या शेवटी आवाज खाली पडतोय, तेवढा उचल.” नाटकाबद्दल अक्षर बोलले नाहीत. नाटक भयंकरच होतं.

एवढं सगळं ऐकणाऱ्या या माणसाच्या घरात काकू स्वयंपाक करताना नाट्यपदं म्हणतात. शाळेत असताना त्या पेटी शिकल्या होत्या. सुराला पक्क्या, ताना मोजक्या आणि जागेवर. आम्ही शेजारी संध्याकाळी मुद्दाम गॅलरीत येतो. अण्णा बाहेरच्या खोलीतून ओरडतात, “अगं, जरा हळू! आकाशवाणीवर गाणं लागलंय.” काकू हळू म्हणतात. पण थांबत नाहीत. काकूंचा जाहीर कार्यक्रम ठेवायचं आमच्या गल्लीच्या गणपतीत दोनदा ठरलं आणि त्यांनी दोनदा नकार दिला. “हे तिसऱ्या रांगेत बसून ‘बरा झाला’ म्हणणार, ते कोण ऐकून घेणार?” आम्ही त्यांना पट्टी समजावून सांगितली, ‘बरा’ म्हणजे उत्तम. काकू म्हणाल्या, “मला माहितीय. पोळीला पण तेच म्हणतात.”

येत्या ५ नोव्हेंबरला तुम्ही सांगलीत असाल तर भावे नाट्यमंदिराशी थोडं लवकर या. तिसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची सोडून कुठंही बसा. पिशवीवाले एक गृहस्थ तुम्हाला १८४२ पासून सांगायला लागतील, ते मध्ये तोडू नका. त्यानंतर ते चहाला नेतील. पैसे काढायच्या भानगडीत पडू नका, ते कुणाला देऊ देत नाहीत.