ओल वजा जाता

भाऊजींना कुठल्याही वस्तूची किंमत सांगू नये. सांगितलीच तर ते आधी तिचा कापूस करतात, मग त्यातून ओल वजा करतात आणि उरलेल्या आकड्याकडे नाराजीने पाहत म्हणतात, "महाग आहे." फ्रिज असो, भाचीच्या कॉलेजची फी असो, नाही तर ताईची पैठणी. पैठणीचा हिशेब मांडवातच झाला होता, आणि सासूबाईंच्या देखत.

तसा त्यांचा दोष नाही. उभा जन्म आदिलाबादच्या कापूस बाजारात अडतीवर हिशेब लिहिण्यात गेला. आठ टक्क्यांपर्यंत ओल असेल तर पूर्ण हमीभाव, आठच्या वर टक्क्यागणिक कपात, बारा ओलांडले की गाडी परत, हा सरकारी खरेदीचा नियम त्यांनी कापसापुरता ठेवलाच नाही. पुढाऱ्याच्या भाषणात ते तीस टक्के धरतात. माझ्या बोलण्यात चौदा. म्हणजे माझी गाडी कायम परत.

आता ते मावल्यात असतात. आदिलाबादला चिकटलेलं, चव्वेचाळीस नंबरच्या हायवेवरचं गाव. पैनगंगा ओलांडून आम्ही पांढरकवड्याहून गेलो की चहाच्या आधी हार्ड डिस्क पुढे येते. निवृत्तीनंतर कुणी देवाला लागतं, कुणी मधुमेहाला. भाऊजी सर्व्हरला लागले.

सर्व्हर म्हणजे काय, तर घरात एक संगणक अखंड चालू ठेवायचा, त्यात सगळे सिनेमे, फोटो, लग्नांचे व्हिडिओ भरायचे आणि ते टीव्हीवर, मोबाइलवर, जमलं तर हैदराबादेत बसलेल्या लेकीच्या फोनवर दिसतील अशी सोय करायची. ही सोय करणाऱ्या सॉफ्टवेअरचं नाव प्लेक्स. घरातल्या घरात पाहायला ते फुकट. काही खास सोयी हव्या असतील तर पैसे. महिन्याचे, वर्षाचे, नाही तर एकदाच भरून जन्माचे.

यंत्रांवर भाऊजींनी हात सैल सोडला, हे कबूल केलं पाहिजे. नागपूरहून जुना संगणक आणला, डिस्का आणल्या, वीज गेली तर म्हणून वेगळी बॅटरी आणली. प्रत्येक वस्तू आली की ताईच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर चढायची. "सहाशेच्या वर ग्रॅम भरली," एक डिस्क दोन्ही हातांनी उचलून ते मला म्हणाले, "मालात दम आहे." पण प्लेक्सचं नाव निघालं की चेहरा बदलायचा.

"हे पाहा साळेबुवा, जे काट्यावर चढत नाही त्याचा भाव मले समजत नाही."

जन्माच्या पासाची किंमत तेव्हा ११९ डॉलर ९९ सेंट होती. पंच्याऐंशीचा डॉलर धरला तर दहा हजारांच्या आसपास, म्हणजे सव्वा क्विंटलच्या थोडा वर कापूस. दर नोव्हेंबरात सवलत लागायची, आणि दर नोव्हेंबरात भाऊजी माझ्याकडे फोन करून तिची ओल काढायचे. "सूट देतात म्हणजे आधी चढवून ठेवलेला भाव आहे. थांबू." थांबले. पुढच्या नोव्हेंबरात पुन्हा थांबले. बाजारात माल धरून ठेवणाऱ्याला कधी ना कधी भाव मिळतो, हे त्यांना ठाऊक होतं. इथे आपण विकणारे नसून घेणारे आहोत, एवढंच ध्यानात आलं नाही.

मग २९ एप्रिल २०२५ उजाडला आणि प्लेक्सने जन्माचा पास २४९ डॉलर ९९ सेंटवर नेला. वर आणखी एक कलम: घराबाहेरून आपल्याच संगणकातलं पाहायचं तर आता पैसे मोजा; मालकाकडे पास नसेल तर पाहणाऱ्याने महिन्याला दोन डॉलरचा वेगळा पास घ्यावा. त्या रात्री मला फोन आला. मी म्हटलं कुणी गेलं की काय.

"पावणेतीन क्विंटलच्या वर गेला," भाऊजी म्हणाले. "पावणेतीन!"

हे दुःख साधं नव्हतं. त्या वर्षी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,५२१ रुपये होता. पुढच्या हंगामाला तो ८,११० झाला तेव्हा त्यांनी वहीत दोन रकाने आखले. एकीकडे क्विंटलमागे ५८९ रुपयांची वाढ, तीही दिल्लीहून जाहीर होईपर्यंत वाट पाहून. दुसरीकडे कुणीतरी एका सकाळी आपल्याच मालाचा भाव आपणच दुपटीहून जास्त केला, आणि गाडी परत पाठवणारा कुणी नाही. "यांच्या मालाची ओल कोण मोजतं?" त्यांनी विचारलं. मला हसू आलं होतं, पण ते अर्ध्यावर थांबलं. प्रश्न बरोबर होता. सात क्विंटल निघतील म्हणून पेरावं आणि चार निघावेत, तेही दुसऱ्याने ठरवलेल्या भावाने, अशा माणसांचे हिशेब ज्याने आयुष्यभर लिहिले, त्याला हा रकाना टोचणारच.

मी प्लेक्सऐवजी जेलीफिन सुचवलं. ते पूर्ण फुकट. एम्बी नावाच्या सॉफ्टवेअरवाल्यांनी २०१८च्या डिसेंबरात आपल्या कोडची कोठी बंद केली, तेव्हा जुना खुला माल घेऊन काही मंडळींनी स्वतंत्र चूल मांडली. तेव्हापासून लोक फावल्या वेळात ते घडवतात, पासबीस काही नाही. भाऊजींनी शांतपणे ऐकलं.

"काहीच घेत नाहीत?"

"नाही."

"मग त्यात ओल असणार."

तरी त्यांनी ते बसवलं. घरात उत्तम चाललं. पण हैदराबादेतल्या लेकीला दाखवायचं तर तिच्या फोनवर आणखी एक ॲप टाकायचं, खातं जोडायचं, हे सगळं फोनवरून समजावणं आलं. परिणामी बापलेकीचं रोज अर्धा-पाऊण तास बोलणं व्हायला लागलं. एरवी "जेवलीस का" आणि "हो" यावर फोन संपायचा. ताईचं मत असं, की पास घेतला तर हे सगळं एका बटणावर चालेल आणि म्हणूनच भाऊजी घेत नाहीत. ताईच्या बोलण्यात ओल सापडलेली मी पाहिली नाही.

आता मुद्द्यावर येतो, कारण एवढं वाचून तुम्ही त्यांना चिक्कू ठरवलं असेल. मीही ठरवलं होतं.

सर्व्हरमध्ये भरायला त्यांच्याकडे घरच्या लग्नांच्या व्हिडिओ कॅसेटी होत्या. त्या उतरवायला जुना व्हीसीआर हवा, तो मिळवला. गल्लीत बातमी फुटली. मग मावल्यातून, आदिलाबादेतून, पार किनवटहून लोक पिशव्या घेऊन येऊ लागले. तेलुगू मास्तरांच्या मुलीचं लग्न, कुणाची मुंज, केस्लापूरच्या नागोबा जत्रेत हलत्या हाताने घेतलेलं चित्रण, दिवाळीतली दंडारी. कित्येक कॅसेटींना बुरशी. भाऊजी टोपी काढून, चष्मा चढवून फीत पुसत बसतात. या कामाला घाई चालत नाही. तीन तासांची कॅसेट उतरायला तीन तासच लागतात, आणि मध्ये फीत अडकली तर पहिल्यापासून. परक्यांच्या लग्नांतल्या पंगती हा माणूस दुपारभर पाहतो. कुणाच्या पंगतीत श्रीखंड कमी पडलं, ते त्यांना पाठ आहे.

एक म्हातारी आली होती. दुसऱ्याच कुणाच्या लग्नाची कॅसेट, पण त्यात तिचा नवरा पंगतीत वाढताना दिसतो, असं तिला कुणी सांगितलेलं. त्याचं दुसरं हलतं चित्र जगात नव्हतं. भाऊजींनी अख्खी कॅसेट उतरवली, शोधून तो तुकडा काढला. हातात भाताची परात, वाकून काहीतरी म्हणतोय, ऐकू येत नाही, मग मागे वळून हसतो. मिनिटही भरत नाही. तिच्या नातवाच्या फोनवर तो घालून दिला. तिने पदराची गाठ सोडायला घेतली.

"याचे काय घ्यायचे?" भाऊजी म्हणाले. "काट्यावर ठेवा बरं. भरतं का काही?"

आजवर त्यांनी कुणाकडूनही एक पैसा घेतलेला नाही. नियम तोच. मला तो नियम इतकी वर्षं एका बाजूनेच दिसत होता, आणि तसा दिसला म्हणून मी त्यांची टिंगल केली, तीही मी मागे घेत नाही. पैठणीचं प्रकरण अजून मिटलेलं नाही.

त्या संध्याकाळी ताईने मात्र धरलं. "तुम्ही दिवसभर राबता ते वजनात भरत नाही, ते ठीक. पण त्या प्लेक्सवाल्यांनीही कुठेतरी बसून राबूनच केलं असेल ना?"

भाऊजी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मी नाही म्हणतच नाही. पण भाव असा भिंतीवर लिहून ठेवतात का? समोर बसा, रुमालाखाली हात धरा. ते अडीचशे म्हणतील, मी नव्वद म्हणीन, दीडशेवर तुटेल. चहा माझ्याकडून."

सध्या ते प्लेक्सच्या मालकाचा फोन नंबर शोधत आहेत. मला सापडला तर कळवायला सांगितलंय.